एकाच वारेवरची जुळी : दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी कशासाठी?

प्रश्न (गुहागर) : माझ्या धाकट्या बहिणीला तेरावा आठवडा सुरू असून सोनोग्राफीत जुळी दिसली आहेत, वार एकच, पाण्याच्या पिशव्या दोन. सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी बोलावले आहे. भर पावसाळ्यात रत्नागिरीच्या एवढ्या खेपा खरोखरच आवश्यक आहेत का?

उत्तर १ : आहेत. एकाच वारेतील रक्तवाहिन्या दोन्ही बाळांना जोडलेल्या असतात. अशा १०० गरोदरपणांपैकी सुमारे १० ते १५ मध्ये रक्ताचा प्रवाह एकीकडे झुकतो आणि मग एका बाळाभोवतीचे पाणी आटते, तर दुसऱ्याभोवती ते वाढून त्याच्या हृदयावर ताण येतो. आईला सुरुवातीस बहुधा काहीच जाणवत नाही. वेळेत आढळल्यास दुर्बिणीतून लेझरने त्या वाहिन्या बंद करता येतात, पण ही सोय मोठ्या शहरांतील मोजक्या केंद्रांतच असते.

उत्तर २ : माझ्या जावेच्या जुळ्यांच्या वारा स्वतंत्र होत्या, त्यामुळे तिला महिन्यातून एकदाच जावे लागे. (सासूबाईंनी मात्र सारा दोष जुळ्या केळ्याला दिला!) वार एक की दोन, हे चौदाव्या आठवड्यापूर्वीच सर्वांत स्पष्ट दिसते, तो अहवाल जपून ठेवा.

उत्तर ३ : गुंतागुंत नसली तरी अशी प्रसूती साधारण ३६ व्या आठवड्यात करतात, म्हणून नवजात अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय आताच ठरवा. पोट अचानक ताणले, धाप लागली किंवा अंगावरून पाणी गेले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.