‘पर्कोलेशन थ्रेशोल्ड’ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा : काजळी (कार्बन ब्लॅक) मिसळलेल्या पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकच्या धाग्याचं माहितीपत्रक सोलापूरच्या यंत्रमागवाल्यांसाठी मराठीत करायचंय. उन्हाळ्यात कोरड्या हवेत पॉलिएस्टर सुतावर साठणारी स्थिर वीज उतरवायला हा धागा वापरतात. ‘वाहक बहुवारिक संमिश्र’ (कंडक्टिव्ह पॉलिमर कॉम्पोझिट) आणि ‘पाझर-उंबरठा’ (पर्कोलेशन थ्रेशोल्ड, म्हणजे काजळीच्या ज्या प्रमाणावर प्लास्टिक वीज वाहू लागतं ते) हे शब्द चालतील का?

पहिलं उत्तर : ‘वाहक बहुवारिक’ म्हटलं की पॉलिअ‍ॅनिलीनसारखं स्वतःच वीज वाहणारं बहुवारिक डोळ्यांपुढे येतं, २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल त्या कुळाला मिळालं. तुमचं पॉलिप्रॉपिलीन रोधकच राहतं, वाहते ती काजळी. सरळ ‘काजळीयुक्त वाहक प्लास्टिक’ लिहा. ‘पाझर’ मात्र आवडला, पाझर तलाव आपल्याकडे कुणाला सांगावा लागत नाही.

दुसरं उत्तर : तिथेच अडतं. पाझर हळूहळू होतो. इथे काजळी वाढवत नेली तरी आधी काहीच घडत नाही, मग दोन-चार टक्क्यांच्या फरकात रोध लाखो पटींनी कोसळतो, कारण कणांची साखळी या टोकापासून त्या टोकापर्यंत जुळते. म्हणून ‘जुळणी-उंबरठा’. साध्या काजळीला तो बहुधा वजनाने १५ ते २५ टक्क्यांवर येतो, कार्बनच्या नॅनोनळ्यांना १ टक्क्याच्या आतही. मिश्रण फार घोटलं तर साखळ्या तुटतात आणि तेवढ्याच काजळीत धागा पुन्हा रोधक होतो.

विचारणा : पण उंबरठ्याखालचा नमुनाही एसीवर (दिशा सतत बदलणाऱ्या प्रवाहावर) वीज वाहतो. मग उंबरठा कसला?

दुसरं उत्तर : तो डीसीचा (एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाचा) उंबरठा. दोन कणांमधली प्लास्टिकची फट म्हणजे छोटा कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा घटक). १ पिकोफॅरडचा धरला तर ५० हर्ट्झला तो सुमारे ३१८ कोटी ओहम अडवतो, १ गिगाहर्ट्झला फक्त १५९. कण चिकटलेले नसले तरी प्रवाह पलीकडे जातो. त्याला ना पाझर म्हणता येतं, ना जुळणी. फटीतला भार नुसता मागेपुढे झुलतो. शिवाय एसीवर मोजलेल्या ‘वाहकते’त प्लास्टिकमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जाही मिसळलेली असते.

पहिलं उत्तर : ‘जुळणी-उंबरठा’ मान्य. आणि ‘वाहकता’ एकटी छापू नका, शेजारी कंप्रता हवीच (शाळेच्या पुस्तकातली ‘वारंवारता’ वापरलीत तरी चालेल). स्थिर वीज उतरवायला डीसीचाच आकडा लागतो. धाग्याच्या दोन्ही टोकांना चांदीचा रंग लावून मोजा, नुसते चिमटे लावले तर टोकांचा रोधच मोजला जातो. १ मेगाहर्ट्झचा आकडा छापलात, तर उंबरठ्याखालचा धागाही कागदावर वाहक दिसेल आणि मागावर सूत चिकटतच राहील.