जिन्याखालचं काचेचं खोकं

मंदाकाकू (ए-१०२): जिन्याखाली काचेच्या ग्लासांचं खोकं कोणी ठेवलंय? सकाळी फिरायला निघाले तर पायाशी खळ्ळ झालं. एक ग्लास आधीच फुटलाय. संध्याकाळी तिथे पोरं अनवाणी लपाछपी खेळतात. ज्याचं असेल त्याने ताबडतोब उचलावं.

मंदाकाकू: झाडणाऱ्या ताईंच्या हाताला मागे काच लागली होती, ते सगळ्यांना माहीत आहे. परत सांगायला लावू नका.

वृषालीवहिनी (बी-३०४): काकू, खोकं माझं आहे. लिफ्ट बंद होती आणि वजन झेपेना म्हणून रात्री तिथे ठेवलं. ग्लास वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते, कोणीतरी उघडून पाहिलेत. आत्ता उचलते, फुटलेलं मीच वेचते. कोणी हात लावू नका.

सुहासदादा (बी-२०१): लिफ्टचा विषय निघालाच आहे तर सचिवांनी सांगावं, दुरुस्ती कधी?

नाना (ए-३०१): गणपतीच्या वर्गणीचा हिशोब अजून ग्रुपवर आलेला नाही. कृपया टाकावा.

सचिव: लिफ्टवाला दुपारी येतो म्हणालाय. नाना, दोन पावत्या यायच्या आहेत, आल्या की लगेच.

मंदाकाकू: वृषाली, एवढे ग्लास करायचेत काय? पाहुणे येणार आहेत का?

वृषालीवहिनी: दिवाळीच्या सजावटीसाठी, काकू. इंदूरच्या बर्तन बाजारात एका दुकानात सुटे ग्लास पडून होते. सहाच्या सेटमधले दोन फुटले की उरलेले चार कोणी घेत नाही. सरबताचे उंच, आइस्क्रीमचे पायवाले, नक्षीच्या वाट्या, असं सगळं. पायवाला ग्लास उपडा ठेवला की आत झेंडू आणि वर तळावर दिवा बसतो. बशीवर वाटी, त्यावर लहान वाटी चिकटवली की कमळ होतं. मुलांना रंग द्यायला द्यायचे आणि गेटपासून जिन्यापर्यंत ओळ लावायची, असा विचार आहे.

निनाद (बी-१०३): भिया, एकदम जमलं! मी फोटो काढणार.

अण्णा (ए-२०४): आमच्या लहानपणी अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, निघायच्या. वडील हुकुमचंद मिलमध्ये होते. रात्रभर रस्त्यावर बसून बघायचो. रंगीत कागदामागे बल्ब, बाकी काही नाही, पण काय उजेड पडायचा! मिल १९९१ ला बंद पडली. झांक्या अजून निघतात म्हणा.

सुहासदादा: अण्णा, सुंदर आठवण. पण गेल्या वर्षी गच्चीवर किल्ल्याच्या रंगाचे डाग पडले ते अजून गेलेले नाहीत. सजावट झाली की साफ कोण करतं?

वृषालीवहिनी: ते डाग आमच्या किल्ल्याचे नव्हते, दादा.

सुहासदादा: मी नाव घेतलेलं नाही.

वृषालीवहिनी: घ्यायची गरजही पडली नाही.

प्रियाताई (ए-१०४): सुप्रभात! आपला दिवस आनंदात जावो 🌹🌹

प्रियाताई: सॉरी, दुसऱ्या ग्रुपवरचं इथे आलं.

मंदाकाकू: मुलांच्या हातात काच द्यायलाच माझा विरोध आहे. दुसरं, फुटकी काच कुठे टाकणार? आपलं इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतंय ते हवेतून नाही. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, ई-कचरा, घातक कचरा, सहा वेगळे करून द्यायचे. गाडीवरचा मुलगा पिशवीत हात घालतो. त्याला काय माहीत आत काय आहे?

वृषालीवहिनी: हे बरोबर आहे, काकू. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून, खोक्यात बंद करून, वर मोठ्या अक्षरात 'काच' लिहून वेगळी हातात देऊ. कुठल्याच डब्यात टाकायची नाही.

नाना: वर्गणीचा हिशोब? एक महिना झाला.

सर (ए-४०३): मी शाळेत रसायनशास्त्र शिकवत होतो म्हणून थोडं लिहितो. लांबेल, माफ करा.
पेटती पणती पातळ ग्लासच्या आत ठेवू नका. साधी काच तापली की बोरोसिलच्या काचेच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते. ज्योतीलगतचा भाग फुगतो, कडेचा थंड राहतो, आणि ती तडकते. वर ओली फुलं असतील तर आणखी लवकर. म्हणून आत बॅटरीवरची एलईडी माळ, ती महाराणी रोडवर मिळते. उपड्या ग्लासच्या तळावरही एलईडीचाच दिवा. पणती लावायची असेल तर मातीचीच, काचेपासून लांब.
दुसरं, दोऱ्याला स्पिरिट लावून पेटवून बाटली कापायचे व्हिडिओ फिरतात. ते कोणीही करू नये. काच सरळ तुटेलच असं नाही, आणि आग हातात असते. कापायचं काही नाहीच, आहेत तसेच आकार वापरावेत.
तिसरं, जुन्या रंगीत नक्षीच्या ग्लासांवरच्या रंगात शिसं किंवा कॅडमियम असू शकतं, विशेषतः लाल आणि नारिंगी. ती नक्षी घासायची नाही, आणि असे ग्लास मुलांच्या हातात द्यायचे नाहीत. जड, टिचकी मारली की बराच वेळ घुमणारा ग्लास क्रिस्टलचा असतो. अस्सल लेड क्रिस्टलमध्ये शिशाचं ऑक्साइड २४ टक्के किंवा जास्त असतं. तो शोभेला ठेवावा, पण त्यात सरबत घालून ठेवू नये.

निनाद: सर, हे फलकावर लावू का?

सर: लाव. नाव नको.

वृषालीवहिनी: सर, खूप आभार. तुमचं वाचून नक्षीचे लाल ग्लास बाजूला काढले. आता रंगाचं विचारते. मागे पोस्टर कलर दिला होता, दोन दिवसांत सोलून निघाला.

सर: काचेवर बोटांचं तेल असतं, रंग धरत नाही. आधी साबणाने धुवायचं, वाळवायचं, मग व्हिनेगर किंवा स्पिरिटच्या कापडाने पुसायचं, आणि त्यानंतर काच फक्त कडेने धरायची. पोस्टर कलर काचेसाठी नाहीच. काचेचे वेगळे रंग मिळतात. पाण्यातले रंग भाजून पक्के करायचे असतात, काही कंपन्यांच्या रंगांना १६० अंशांवर ४० मिनिटं लागतात. बाटलीवर जे लिहिलं असेल तेच पाळावं. काच थंड ओव्हनमध्ये ठेवूनच तापवायची आणि आतच निवू द्यायची. गरम काढली की तडकली समजा. ओव्हन वापरायचं मोठ्यांनी. सॉल्व्हंटचे रंग भाजावे लागत नाहीत, पण वास उग्र असतो. ते बंद खोलीत नकोत, गच्चीवर ठीक.

वृषालीवहिनी: आणि चिकटवायला?

सर: दोन नळ्यांचं एपॉक्सी. पांढरा गोंद काचेला धरत नाही. लिहिलेला वेळ संपेपर्यंत वस्तू हलवायची नाही. मुलांनी एपॉक्सीला हात लावू नये.

सुहासदादा: गच्चीवर म्हणजे परत डाग.

अण्णा: अरे सुहास, जुन्या चादरी अंथरा की. माझ्याकडे आहेत.

सुहासदादा: अण्णा, चादरींमधून रंग खाली झिरपतो. मागच्या वेळी तेच झालं होतं. असो. मी काही बोलत नाही.

प्रियाताई: बोललात की.

सुहासदादा: (हा मेसेज डिलीट केला आहे)

नाना: वर्गणीचा हिशोब.

मंदाकाकू: नाना, दोन मिनिटं थांबा हो. वृषाली, मला आता एकच सांग. मुलं किती आणि मोठी माणसं किती?

वृषालीवहिनी: नाव आठ मुलांनी दिलंय, काकू. मी, निनाद आणि प्रियाताई आहोत. सर येतील?

सर: येईन. एपॉक्सी मीच लावतो.

मंदाकाकू: तिसरीच्या आतल्या मुलांना काच नको. त्यांना कागदाचे आकाशकंदील द्या. बाकीच्यांच्या पायात चपला हव्यात, मोजे चालणार नाहीत. जे काही फुटेल ते मोठ्यांनी वेचायचं, झाडून घ्यायचं, आणि बारीक कण ओल्या जाड कागदाने उचलायचे. हे मान्य असेल तर माझी हरकत नाही.

वृषालीवहिनी: मान्य, काकू. सगळं मान्य.

मंदाकाकू: माझ्या लग्नात आलेल्या काचेच्या सहा वाट्या आहेत, कडेला निळी रेघ आहे. त्यांना रंग देऊ नका, तशाच कमळात घ्या.

निनाद: काकू, निळी रेघ आत दिवा लागला की मस्त दिसेल.

मंदाकाकू: आधी धुऊन ठेवते. माळ्यावरून काढायला कोणीतरी ये. मला स्टूलवर चढवत नाही.

निनाद: मी येतो संध्याकाळी.

सुहासदादा: गच्चीची चावी माझ्याकडे आहे. गच्चीवर रंग नको, खाली पार्किंगच्या मोकळ्या भागात करा. तिथे फरशी कडाप्प्याची आहे, पुसली जाते. मी माझी गाडी काढून देतो.

वृषालीवहिनी: दादा, मनापासून आभार.

सुहासदादा: गाडी काढतोय म्हणून डागांचं संपलं असं समजू नका.

सचिव: ठरलं तर मग. रविवारी चार वाजता पार्किंगमध्ये. सर्वांनी वेळेत यावं. लिफ्ट सुरू झाली आहे.

प्रियाताई: चारला ऊन असतं. पाच करा.

मंदाकाकू: पाचला माझा स्वयंपाक असतो.

अण्णा: पाच करा, मी पोहे आणतो. शेव भरपूर घेईन.

सचिव: पाच वाजता. आणि नाना, पावत्या आल्या, हिशोब खाली टाकतोय.

नाना: मिळाला. मंडपाचं भाडं गेल्या वर्षीपेक्षा जास्त कसं?