पुल-ऑफ बल सकाळी ११, संध्याकाळी २८: दोष दमटपणाचा की टिपचा?

नॅनो_ठाणे: मंडळी, एएफएमवर (बारीक टिपने पृष्ठ चाचपणारा सूक्ष्मदर्शक) सिलिकॉन वेफरचा (वर नैसर्गिक ऑक्साइड) चिकटपणा मोजतोय. टिप पृष्ठावरून सोडवायला लागणारं पुल-ऑफ बल सकाळी ११ नॅनोन्यूटन आलं, संध्याकाळी २८. टिप धरणाऱ्या लिव्हरचा (स्प्रिंगसारखी पट्टी) कडकपणा ०.२ न्यूटन/मीटर, टिपची त्रिज्या पाकिटावर १० नॅनोमीटर. मधल्या वेळेत त्याच टिपने काँटॅक्ट मोडमध्ये (टिप पृष्ठाला टेकवून) स्कॅन घेतले. खोलीत आर्द्रता ६० ते ८० टक्के, पावसाळाच आहे. दमटपणा कमी केला तर आकडा स्थिरावेल का? पृष्ठऊर्जा काढायची आहे.

बोथट_टोक: आधी कागदावर हिशेब करा. टोक आणि पृष्ठ यांच्यात पाण्याचा पूल धरला तर बल साधारण ४πRγcosθ (R टिपची त्रिज्या, γ पाण्याचा पृष्ठताण, θ पाण्याचा पृष्ठाशी होणारा स्पर्शकोन). १० नॅनोमीटर, ०.०७२ न्यूटन/मीटर, स्पर्शकोन शून्याजवळ: ९ नॅनोन्यूटन. सकाळचे ११ ठीकच. २८ यायला त्रिज्या ३१ लागते. या सूत्रात आर्द्रता कुठेच नाही! टोकाचा आकार बिघडला किंवा पृष्ठ खडबडीत असेल तर आर्द्रतेनेही आकडा हलतो, पण पहिला संशय टिपवर. स्कॅनने टोक झिजतं. नवी टिप लावून त्याच जागी मोजा, आणि मोजायच्या टिपने स्कॅन करू नका. ट्रिगर (टिप जास्तीत जास्त किती दाबायची ते बल) ५ नॅनोन्यूटनच्या आसपास ठेवा.

लेसर_सरळ: शिवाय ०.२ हा छापील आकडा, प्रत्यक्षात दुप्पट किंवा निम्माही निघतो. थर्मल ट्यून करा (लिव्हरच्या उष्णतेमुळे होणाऱ्या थरथरीवरून कडकपणा काढणं). त्याआधी स्वच्छ नीलमण्यावर बल-अंतर वक्राच्या संपर्क भागाच्या उतारावरून नॅनोमीटर प्रति व्होल्ट (किती व्होल्टला लिव्हर किती वाकते) काढा. लेसरचा ठिपका लिव्हरवर जरा जरी सरकवला तरी हे पुन्हा करायचं.

नॅनो_ठाणे: नवी टिप: १२. म्हणजे टिपच. आता सेलमध्ये कोरडा नायट्रोजन सोडला, तर संपर्काच्या ३०० नॅनोमीटर आधीपासूनच वक्र खाली झुकतोय. हे काय?

बोथट_टोक: स्थिर विद्युतभार. व्हॅन डर वाल्स ओढ काही नॅनोमीटरच्या आतच जाणवते, ३०० वर नाही. दमट हवेत भार ओघळून जातो, कोरड्यात साठतो. नमुन्याला अर्थिंग द्या, आयोनायझर फिरवा, मग मोजा. नायट्रोजन मात्र हवाच: दमट हवेतल्या आकड्यातून तुम्हाला मुख्यतः पाण्याचाच पृष्ठताण मिळेल, सिलिकॉनची पृष्ठऊर्जा नाही.

लेसर_सरळ: कोरड्यात लहान, कडक टोकाला F = २πRW वापरा (W म्हणजे चिकटण्याची ऊर्जा; हे डीएमटी नावाचं संपर्क-सूत्र); मऊ नमुना आणि मोठा गोळा असेल तर जेकेआर हे दुसरं सूत्र, तिथे गुणक १.५π. त्रिज्येतली चूक जशीच्या तशी W मध्ये उतरते, म्हणून काही जण टिपऐवजी लिव्हरवर काचेचा गोळा चिकटवतात. पण २.५ मायक्रोमीटर त्रिज्येला दमट हवेत बल २.३ मायक्रोन्यूटनपर्यंत जाऊ शकतं. तुमची लिव्हर ११ मायक्रोमीटर वाकेल, ते वाकणं मोजणाऱ्या फोटोडायोडची रेंज त्याआधीच संपते. १० न्यूटन/मीटरची लिव्हर घ्या. आणि गोळ्याचा खडबडीतपणा तपासा. काही नॅनोमीटरचे उंचवटेही चिकटपणा कितीतरी पटींनी पाडतात.

आणखी एक: वेफर यूव्ही-ओझोनमध्ये १५ मिनिटं ठेवून लगेच मोजा. हवेतले हायड्रोकार्बन बसले की स्पर्शकोन चढतो. शेजारच्या तुकड्यावर २ मायक्रोलिटरचा थेंब टाकून तो पाहून घ्या.

बोथट_टोक: संपर्काचा वेळ आणि ओढायचा वेगही प्रत्येक वेळी तोच ठेवा (१ मायक्रोमीटर/सेकंद चालेल). जास्त वेळ टेकलेल्या टोकाभोवती पाणी जास्त जमतं. १६×१६ वक्र घेऊन हिस्टोग्राम काढा. दोन शिखरं दिसली तर सरासरी काढू नका, पृष्ठावर घाण असू शकते.