आई-बाबांना जूनमध्ये टूसॉनला न्यावं का? माझं मत: न्यावंच

ओसाडगावकर
आधी उच्चार. ॲरिझोनातल्या या शहराच्या नावातला 'क' गिळायचा: टूसॉन. आणि हात वर करून उभा असतो तो निवडुंग म्हणजे 'सवारो'.

आता मुद्दा. जो तो सांगतो, वाळवंटातलं ऊन सोसायचं नाही, नोव्हेंबर ते मार्चमध्येच या. पण मुलांच्या शाळेला सुट्टी जून-जुलैत, आजी-आजोबांचा मुक्कामही तेव्हाच. मग काय, घरात बसायचं? आम्ही गेल्या वर्षी जूनअखेरीस पाच दिवस राहिलो आणि मला तरी पस्तावा नाही. फक्त घड्याळ बदललं. पहाटे साडेचारला चहा आणि सूर्य वर येईस्तोवर सवारो राष्ट्रीय उद्यानात. उद्यानाचे दोन भाग शहराच्या दोन बाजूंना आहेत. आम्ही पश्चिमेचा निवडला. साडेआठला परत. नाश्ता, झोप. मग गाडी काढून माउंट लेमन. सुमारे 43 किलोमीटरचा घाट. खाली निवडुंग, वर पाइनचं रान. समरहेवन हे गाव साधारण 8,000 फुटांवर आहे, कळसूबाईपेक्षा कितीतरी उंच. तिथे आईने शाल मागितली!

शिवाय सवारोची फळं याच दिवसांत पिकतात. फुटलं की आत लालभडक गर आणि काळ्या बिया. इथले मूळचे तोहोनो ओ'ओदम लोक सवारोच्याच खोडातल्या वाळलेल्या लाकडी फासळ्यांची लांब काठी करून ती पाडतात, आणि त्या रसाच्या दारूने पावसाला बोलावतात. हिवाळ्यात येणाऱ्याला हे कुठलं दिसायला?

चैत्रपालवी
तुमचं निभावलं म्हणून सगळ्यांचं निभावेल असं नाही. जूनमध्ये तिथे दुपारी 38-40 अंश हे रोजचंच, त्याच्या वर गेलं तरी कुणाला नवल वाटत नाही. हवा इतकी कोरडी की घाम दिसतच नाही, आल्या आल्या वाळतो. म्हातारी माणसं म्हणतात "मला कुठे उकडतंय?" आणि पाणी पीत नाहीत. तहान लागेपर्यंत थांबलात की उशीर झालेला असतो.

आणि लेमनचं कौतुक ऐकलं, पण जून हा वणव्यांचा महिना आहे हे कोण सांगणार? 2003 च्या जूनमध्ये याच समरहेवनची शेकडो घरं जळाली. 2020 च्या जूनमध्ये पुन्हा वणवा, वर जायचा रस्ता बंद. तुमची दुपारची सगळी योजना त्या एका घाटावर उभी आहे. बीपीवाल्या माणसाला एका तासात साडेपाच हजार फूट वर नेणं हा आणखी एक प्रश्न.

अकोलेकर
आम्ही 45-46 अंशांत वाढलो. टूसॉनच्या उन्हाचं काय घेऊन बसलात?

चैत्रपालवी
अकोल्यात मे महिन्यात दुपारी बाराला तुम्ही काय करत होतात, खरं सांगा. दारं बंद, कूलर चालू, आई ओरडतेय "बाहेर पडशील तर बघ". तिथे पर्यटक त्याच वेळी अर्धा लिटर पाणी घेऊन डोंगर चढायला निघतो. फरक उन्हात नाही, अकलेत आहे.

अकोलेकर
😄 मान्य. कूलरवरून आठवलं, टूसॉनच्या जुन्या घरांच्या छपरांवर आपल्यासारखेच पाण्याचे कूलर असतात. जुलैत पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली की तेही आपल्यासारखेच निकामी.

भटकभवानी
पावसाचा विषय निघालाच आहे तर सांगते. तिथेही त्याला मान्सूनच म्हणतात. हंगाम 15 जून ते 30 सप्टेंबर धरतात, खरा जोर जुलैपासून. रस्त्याला आडवे जाणारे कोरडे ओढे अर्ध्या तासात दुथडी वाहतात. रस्ता बंद करायला लावलेला अडथळा ओलांडून गाडी पाण्यात घातलीत आणि अडकलात, तर सुटकेचा खर्च तुमच्याकडून वसूल करण्याचा कायदा आहे. स्थानिक लोक त्याला सरळ 'मूर्ख चालकाचा कायदा' म्हणतात. पण पहिल्या सरीला क्रिओसोटच्या झुडपांचा जो वास सुटतो, त्यासाठी मी पुन्हा जुलैत जाईन. म्हणजे मी ओसाडगावकरांच्या बाजूने, पण जून सोडून.

शाकाहारी मंडळींनी एक ध्यानात ठेवा. टूसॉन 2015 साली युनेस्कोचं खाद्यनगर झालं, अमेरिकेतलं पहिलं. पण प्रसिद्ध सोनोरन हॉट डॉगला बेकन गुंडाळलेलं असतं, आणि साध्या दिसणाऱ्या बीन्समध्ये, मैद्याच्या टॉर्टियात, म्हणजे तिथल्या पोळीतसुद्धा, डुकराची चरबी असू शकते. "लार्ड आहे का?" एवढं विचारा.

ओसाडगावकर
लार्डचं आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. आईला अजून सांगितलेलं नाही.

वणव्याचा मुद्दा बरोबर आहे, निघण्याआधी रस्त्याची चौकशी करायलाच हवी. पण दुपारसाठी लेमनच हवं असं नाही. सान हाविएरचं पांढरंशुभ्र चर्च आहे. 1797 मध्ये पुरं झालं, म्हणजे पुण्यात दुसरा बाजीराव नुकता गादीवर आला होता. जाड भिंती, आत गारवा. बाबा तासभर बाकावर बसून होते.

चैत्रपालवी
आणि पार्किंगपासून दारापर्यंत चपला घालूनच चालले ना?

ओसाडगावकर
चपलेचं नाव काढू नका. उद्यानात त्यांच्या चपलेला चोयाचा गोळा चिकटला. हा निवडुंग नुसता घासला तरी तुकडा अंगाला लागतो. बाबा हाताने ओढायला गेले, मग तो बोटात. शेवटी आईने पर्समधली फणी काढली, दाते गोळ्याखाली सरकवले आणि एका झटक्यात उडवला. नंतर कळलं, तिथले लोकही फणीच बाळगतात.

भटकभवानी
प्लास्टिकची की लाकडी?