समुपदेशनाची पाटी कोणी लावावी? (विदर्भातल्या गावांपुरता प्रश्न)

तालुक्याचा मास्तर (धागाकर्ता)

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी मानसशास्त्र शिकवतो. दिवाळीनंतर इथल्या बाजारात एका कृषी केंद्राच्या माडीवर ‘मानसिक समुपदेशन केंद्र’ अशी पाटी लागली. खाली फवारणीची औषधं, वर समुपदेशन. पाटीवाल्या पोरानं तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स केलाय. बोलायला गोड आहे, गर्दीही बरी असते. त्यावरून आमच्या स्टाफरूममध्ये जुंपली. काही जण म्हणाले, एम.ए. नसलेल्यानं पाटी लावूच नये. बाकीचे म्हणाले, चार शब्द बोलून मन हलकं करायला डिग्री कशाला पाहिजे? मला दोन्ही बाजू पटल्या नाहीत, म्हणून हा धागा.

या व्यवसायाचा उगम दवाखान्यात झालेला नाही. 1908 मध्ये बॉस्टनला फ्रँक पार्सन्स नावाच्या माणसानं कामाच्या शोधात भटकणाऱ्या पोरांसाठी एक कार्यालय उघडलं. हा माणूस इंजिनिअरिंग शिकलेला आणि वकिली केलेला. आधी स्वतःला नीट ओळखा, मग कोणत्या कामात काय लागतं आणि काय मिळतं ते समजून घ्या, मग दोन्हींची सांगड विचारानं घाला, एवढंच त्याचं म्हणणं. म्हणजे सुरुवात पोटापाण्याच्या प्रश्नापासून झाली. पुढे कार्ल रॉजर्स हा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आला. (यानं कॉलेजात आधी शेतकीला नाव घातलं होतं, हे मी वर्गात आवर्जून सांगतो, पोरं जरा सरसावून बसतात.) समोरच्याला उपदेश न करता त्याचं पूर्ण ऐकून घेणं, त्याच्या जागी जाऊन समजून घेणं, त्याला आहे तसा स्वीकारणं आणि स्वतः सोंग न करणं, यावर त्यानं भर दिला. पण लोक रॉजर्सची अर्धीच गोष्ट सांगतात. 1942 च्या पुस्तकात त्यानं एका माणसासोबतच्या सगळ्या बैठका ध्वनिमुद्रणावरून शब्दशः छापल्या. बंद दाराआड काय चालतं ते इतरांना तपासता यावं म्हणून.

तपासणी झालीही. 1952 मध्ये आयसेंक या मानसशास्त्रज्ञानं थेट म्हटलं की या उपचारांनी माणसं बरी होतात याला पुरावा नाही, ती तशीही बरी होतात. पंचवीस वर्षांनी स्मिथ आणि ग्लास या संशोधकांनी 375 अभ्यास एकत्र करून दाखवलं की उपचार घेतलेल्यांची स्थिती न घेतलेल्यांपेक्षा सरासरीनं चांगली असते. वाद तिथे संपला नाही, पण ‘मला वाटतं’ यावर भागणारं नाही हे ठरून गेलं.

माझं मत असं. माडीवरच्या पोराकडे डिग्री नाही याची मला फार काळजी नाही. त्याचं काम कोण पाहतं? ऐकलेलं तो कुठे बोलतो? आपल्या आवाक्याबाहेरचा माणूस आला तर कुठे पाठवतो? ही उत्तरं नसतील तर पाटी काढावी, मग तो एम.ए. असो की पीएच.डी. आणि ही उत्तरं असतील तर बारावी शिकलेली आशाताईसुद्धा (गावची आरोग्य स्वयंसेविका) हे काम करू शकते.

पऱ्हाटीवाला

मास्तर, लय शिकलेलं बोलता तुमी. एक सांगा. माह्या पऱ्हाटीले बोंडअळी लागली, सोयाबीन पान्यात सडलं, बँकेचा मानूस फोनवर फोन करून रायला. मले झोप नाई येत तं हा मनाचा आजार झाला का? लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 2025-26 ले क्विंटलले 8,110 रुपये हाय म्हनते. दारात येनारा व्यापारी देते का तेवढा? खरेदी केंद्रावर नेला तं ओलावा 12 टक्क्याच्या वर हाय म्हनून गाडी वापस. आता तुमी मले ऐकून घेनार, माह्या जागी जाऊन समजनार. समजा न बाप्पा! पन मालाचा चुकारा कोन देईन?

सरकारले हे लय सोपं पडते. भाव देनं महाग, कौन्सेलर देनं स्वस्त.

अकोट लाईन

+१. भाऊंनी धागाच संपवला.

नागपूरकर

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी आहे, एम.फिल.ची दोन वर्षं रुग्णालयात घालवली. मास्तरांचा शेवटचा परिच्छेद वाचून धक्का बसला. ‘झोप येत नाही, जीव लागत नाही’ म्हणत येणारा प्रत्येक जण फक्त दुःखी नसतो. एखाद्याला थायरॉईडचा त्रास असतो, एखाद्याला दारू सोडल्यामुळे हातकंप सुटलेला असतो, एखाद्या विशीतल्या पोराची सायकोसिसची (भास-भ्रम होणाऱ्या आजाराची) सुरुवात असते आणि घरचे त्याला ‘बाहेरचं लागलं’ म्हणून कुठे कुठे फिरवत असतात. यातला फरक बारावी पास ताईनं ओळखायचा? आधीच तिच्याकडे लसीकरण, गरोदर माता, क्षयरोग, सगळे सर्व्हे. गरिबांना अर्धप्रशिक्षित माणूस आणि श्रीमंतांना तज्ज्ञ, ही वाटणी पुरोगामी भाषेत मांडली म्हणून न्याय्य होत नाही.

आणि पाटीबद्दल: माझ्या नोंदणीसारखी अट ‘समुपदेशक’ म्हणवून घ्यायला इतकी वर्षं नव्हतीच. 2021 च्या सहयोगी आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात वर्तन-आरोग्याचा गट घातला आहे, समुपदेशक त्यातच येतात. तो कायदा गावापर्यंत पोचवा, मग बाकीचं बोलू.

तालुक्याचा मास्तर

@पऱ्हाटीवाला भाऊ, तुम्हाला झोप येत नाही हा आजार आहे असं मी म्हणणार नाही, आणि कोणी तसं म्हणालं तर उठून निघून या. भावाची लढाई भावाच्याच मैदानात लढायची. पण एकाच गावात, तेवढ्याच कर्जात असलेले दोघे जण. एक महिनाभरानं बँकेत जाऊन कर्जाच्या पुनर्गठनाचा (हप्ते नव्यानं बांधून घ्यायचा) अर्ज करतो, दुसरा फोन बंद करून खोलीत बसतो, बायकोशीही बोलत नाही. दुसऱ्याला अर्जापर्यंत आणायचं काम भाव वाढवून आपोआप होत नाही. मदत लागते ती तिथे.

@नागपूरकर सर, ओळखण्याचा मुद्दा बरोबर. पण पुरावाही पाहू. गोव्यात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी झाली, 2017 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. मानसोपचाराची कुठलीही पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून त्यांच्याकडून तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठका दिल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं, कोण कोणत्या गटात हे नशिबावर सोडलं होतं. बैठका घेतलेला गट नुसत्या नेहमीच्या उपचारावरच्या गटापेक्षा पुढे निघाला. बैठकांत गूढ काही नव्हतं. नैराश्यात माणूस एकेक काम सोडत जातो, त्यानं आणखी खचतो, म्हणून रोजची छोटी कामं ठरवून परत सुरू करायची. आणि मुख्य म्हणजे, हे समुपदेशक एकमेकांच्या बैठकांचं ध्वनिमुद्रण ऐकून गुण देत होते. रॉजर्सचीच वाट.

आपल्याकडेही झालंय. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प चालला. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणारे आधी 4.3 टक्के होते, नंतर 27.2 टक्के. गावातल्याच शिकवलेल्या लोकांनी हे घडवलं.

नागपूरकर

विश्रामच्या अभ्यासात तुलनेसाठी प्रकल्पाबाहेरची गावं नव्हती. आधी एक पाहणी, नंतर एक पाहणी. मधल्या काळात पाऊस, भाव, सरकारी योजना, काहीही बदललेलं असू शकतं. आयसेंकचं नाव तुम्हीच काढलंत, तर त्याचाच प्रश्न विचारतो: प्रकल्प नसता तर काय झालं असतं? शिवाय विश्राममध्ये गावकऱ्यांच्या मागे मनोविकारतज्ज्ञ होता, प्रकल्पाचा पैसा होता. प्रकल्प उठल्यावर काय उरतं ते विचारा. 2015 मध्ये विदर्भ-मराठवाड्याच्या 14 जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या समुपदेशनाचा सरकारी प्रेरणा प्रकल्प आला तेव्हाही आशांनी घरोघर प्रश्नावली भरायची होती. प्रश्नावली भरली म्हणजे समुपदेशन झालं असं समजणारे अधिकारी मी पाहिलेत.

मोझरीकडचा

आमच्या भागात तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंजाची सामुदायिक प्रार्थना आहे, भजनी मंडळं आहेत. माणूस खचला की लोक त्याला ओढून मंडळात बसवतात. बाजेवर चार म्हातारे बसले की कोणाचं काय चाललंय ते कळतं. अमेरिकेतल्या एकट्या माणसासाठी केलेली ही सोय आमच्या भरल्या गावात कशाला? ज्याला कोणी नाही त्यानं पैसे देऊन ऐकणारा शोधावा.

आशाताई

दादा, तुमच्या बाजेवर बाई बसते का हो?

मी वर्धा जिल्ह्यात आशा आहे. मंडळ चांगलंच आहे, पण तिथे माणूस दुःख घेऊन जाते, गुपित घेऊन नाही जात. नवरा मारतो, पाळी चुकली, पोरगी पळून जाणार आहे, जगायची इच्छा नाही असं रोज वाटतं, हे भजनात कोण सांगते? सासूच्या समोर तर नाहीच. मी घरात गेली की सासू आधी येऊन बसते. घर दोन खोल्यांचं, मधात पडदा. मास्तर म्हणतात बंद दार. कोणतं दार?

आणि माझीच अडचण सांगते. मी त्याच गावची सून. ज्या बाईनं मला सांगितलं तिच्या दिराच्या घरी माझं रोजचं जाणं-येणं. ती मला सांगताना हाच हिशेब करते. म्हणून बायका घरी बोलत नाहीत. बाळाचं वजन करायला अंगणवाडीत आल्या की वाटेत बोलतात, कापूस वेचताना ओळीत जवळ आल्या की बोलतात. मी काही लिहून घेत नाही तेव्हाच. वही काढली की गप्प.

त्या माडीवरच्या केंद्रात बाई जाईन? बाजारातून जिना चढताना सगळा गाव पाहते.

तालुक्याचा मास्तर

ताई, या धाग्यातली सगळ्यात कामाची पोस्ट तुमची. गोपनीयतेचा आमचा धडा शहरातल्या खोलीसाठी लिहिलेला आहे, जिथे समुपदेशक आणि समोरचा माणूस पुन्हा रस्त्यात भेटत नाहीत. नियमावल्यांत दुहेरी नातं टाळा म्हणतात, म्हणजे ज्याचं समुपदेशन करता त्याच्याशी दुसरं नातं नको. गावात ते टाळायचं तर कोणाशीच बोलता येणार नाही. मग नियम सोडायचा नाही, पण बदलून घ्यावा लागतो: जवळच्या गावच्या आशाताईनं या गावचं पाहायचं आणि या ताईनं तिकडचं. नाव न लिहिता नोंद. आणि कोणती गोष्ट मी स्वतःजवळ ठेवू शकणार नाही, ते आधीच सांगायचं. जिवाला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही, हे पहिल्याच दिवशी.

@मोझरीकडचा: मंडळ माणसाला सगळ्यांत आणतं. काही गोष्टींसाठी त्याला सगळ्यांतून बाजूला घ्यावं लागतं. एकानं दुसऱ्याची जागा अडवू नये.

पऱ्हाटीवाला

ताईचं पटलं. माह्या घरची बी काई बोलत नाई, मले वाटे काई नसन तिले.

पन मास्तर, तुमच्या त्या पार्सन्सनं पोराईले कामाले लावलं, तिथं कारखाने होते. माहा पोरगा बी.ए. करून अमरावतीत खोली करून एमपीएससीचा अभ्यास करून रायला, त्याले कोनतं काम दाखवता? स्वतःले वळखून बसला तो, आता काम कुठं हाय?

नागपूरकर

याला मास्तरांकडे उत्तर नाही, आणि माझ्याकडेही नाही. समुपदेशनाच्या मर्यादा समुपदेशकानंच सांगाव्यात. आत्महत्यांचंच घ्या. श्रीलंकेत अत्यंत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आली तसे आत्महत्यांचे आकडे खाली आले. तिथे समुपदेशकांची फौज उभी केली नव्हती. कृषी केंद्राच्या माडीवर पाटी लावण्याआधी खालच्या मजल्यावर काय विकलं जातं ते पाहावं. हे माझ्याच व्यवसायाविरुद्ध बोलतोय, पण खरं तेच आहे.

अकोट लाईन

डॉक्टर लोक एकदम शेतकऱ्याच्या बाजूनं, आज काय झालं? 😀

तालुक्याचा मास्तर

@नागपूरकर, मान्य. म्हणूनच काम छोटं आणि नेमकं धरू. प्रस्ताव मांडतो, फोडा. आमच्या कॉलेजात दर पंधरा दिवसांनी आजूबाजूच्या आशाताईंची बैठक. नाव-गाव न सांगता आपण काय ऐकलं, काय बोललो ते मांडायचं. तुम्ही फोनवर ऐका आणि कोणाला ताबडतोब जिल्हा रुग्णालयात पाठवायचं ते सांगा. मधल्या वेळेला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहेच, तो फुकट आहे. माडीवरच्या पोरालाही बोलावतो. आला तर शिकेल, नाही आला तर त्यानं का टाळलं ते गावाला कळेल.

नागपूरकर

सहा महिने ऐकीन. अट एकच: कोणत्या ताईनं कोणाला पाठवलं नाही, त्याचीही नोंद हवी. फक्त बऱ्या झालेल्यांच्या गोष्टी जमवल्या तर मी बाहेर.

आशाताई

येईन. पण पंधरा दिवसाला एक दिवस म्हणजे एक दिवसाची मजुरी. तालुक्याला यायचं एसटीचं भाडं वेगळं. आमचा मोबदला कामागणिक आहे, ऐकण्याचं काम यादीत नाही. ते कोण देईन ते आधी ठरवा, मग तारीख सांगा. मंगळवार नको, त्या दिवशी लसीकरण असते.