दाताच्या डॉक्टरांकडे जाण्याआधी भीती कमी करणारी गोळी घ्यावी का?

ओसरी

नमस्कार. मी कराडची, वय 43, एका पतसंस्थेत कॅशला बसते. दिवसभर माणसांत असते, घाबरट म्हणून मला कुणी ओळखत नाही. पण दाताचा दवाखाना म्हटलं की हातपाय गार पडतात. गेल्या चार महिन्यांत तीनदा नंबर लावला आणि तिन्ही वेळा जमलं नाही. एकदा घरातूनच निघाले नाही. एकदा जिन्यावरून फिरले. तिसऱ्यांदा बाकावर बसले होते, आतून लवंगेच्या तेलाचा वास आला, मशीनचा तो बारीक आवाज सुरू झाला, आणि चपला घालून मी रस्त्यावर कधी आले ते माझं मलाच कळलं नाही.

उजवीकडची खालची दाढ आहे. मध्यंतरी गाल सुजला, तेव्हा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पाच दिवस अँटिबायोटिक दिलं. सूज उतरली. पण ते म्हणाले, मुळाशी पू आहे, गोळ्यांनी नुसतं दाबत राहू नका, दाताच्या डॉक्टरांकडून रूट कॅनल करून घ्या. तेव्हापासून डाव्या बाजूने जेवते, भाकरी आमटीत कुस्करून. रात्री आडवं पडलं की ठणका वाढतो, म्हणून भिंतीला उशी लावून बसल्या बसल्या झोपते.

भीती कुठून आली हे मला पक्कं माहीत आहे. नऊ वर्षांची असताना दाढ काढायला नेलं होतं. इंजेक्शन दिलं, पण बधिर झालंच नव्हतं. मी ओरडले तर डॉक्टर म्हणाले, "नाटकं करू नकोस, काही दुखत नाही." तिथल्या मदतनीस बाईंनी माझे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यावर दाबून धरले होते. काचेच्या बांगड्या मनगटात रुतल्या, वळ दुसऱ्या दिवशीही होते. चौतीस वर्षं झाली. दाढ किती दुखली ते आता आठवत नाही, धरलेले हात मात्र आठवतात.

माझ्या मोठ्या जाऊबाईंना मागे झोप येत नव्हती तेव्हा अल्प्राझोलम 0.25 दिली होती. त्यातल्या चार गोळ्या उरल्यात. त्या म्हणतात, "निघायच्या आधी एक घे, काही वाटणार नाही तुला." घेऊ का? सवय लागेल का? बधिर करण्याच्या इंजेक्शनबरोबर चालते का? मला बीपीची गोळी रोज सुरू आहे. आणि डॉक्टरांना हे सांगायचं कसं? या वयात रडू येतं हे सांगायलाच लाज वाटते.

निवडुंग

ओसरीताई, लाज वाटू देऊ नका. मी 51 वर्षांचा, नाशिकला असतो, दोन वर्षांपूर्वी अक्कलदाढ काढायची होती आणि माझी हीच गत होती. मी डॉक्टरांना फोनवरच सांगून टाकलं. त्यांनी माझ्या फिजिशियनशी बोलून एक गोळी लिहून दिली, निघायच्या तासभर आधी घ्यायला. कोणती आणि किती ते मुद्दाम लिहीत नाही, प्रत्येकाचं वेगळं असतं.

काय झालं ते सांगतो. झोप लागली नाही. आवाज येत होता, पण शेजारच्या घरात काहीतरी चालू असावं तसा. डॉक्टर "तोंड उघडा" म्हणाले की उघडत होतो. दाढ निघाल्याचं आठवतं, टाके घातल्याचं अजिबात आठवत नाही. बाहेर आल्यावर मला स्वतःला अगदी ठणठणीत वाटत होतं, इतकं की मी भावाकडे स्कूटरची किल्ली मागितली. त्याने दिली नाही, रिक्षा केली. घरी पोचलो आणि संध्याकाळपर्यंत झोपलो. तेव्हा कळलं, आपल्याला जे ठणठणीत वाटतं त्यावर त्या दिवशी विश्वास ठेवायचा नसतो. बरोबर माणूस हवाच. दुसऱ्या दिवशीपर्यंत गाडी नको, आणि तुम्ही कॅशला बसता म्हणून सांगतो, त्या दिवशी पैशाचा व्यवहार किंवा सहीसुद्धा नको.

औषधवाला

मी 22 वर्षं मेडिकल चालवतोय. जाऊबाईंच्या गोळ्या घेऊ नका, एवढंच कळकळीने सांगायला लिहितोय.

अल्प्राझोलम, डायझेपाम, मिडाझोलम ही औषधं 2014 पासून शेड्यूल एच-1 या सरकारच्या कडक नियमांच्या यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. कुणाला दिली, कुठल्या डॉक्टरांनी लिहिली, किती दिली, याची आम्हाला वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवावं लागतं. वेष्टनावर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो, तो बघा. लोकांना वाटतं आम्ही अडवणूक करतो. ताई, काउंटरवर रोज बघतो मी, एका घरात एकाला लिहिलेली गोळी चार जण खातात. त्यातल्या आजीबाई रात्री बाथरूमला जाताना पडतात आणि खुब्याचं हाड मोडतं. गोळी तीच असते, माणूस वेगळं असतं.

कृष्णाकाठ

ओसरीताई, मी दाताची डॉक्टर आहे, मिरजेला 19 वर्षं प्रॅक्टिस करते. गोळीबद्दल सांगेनच, पण आधी तुमच्या नवव्या वर्षाबद्दल.

तुम्ही नाटक करत नव्हता. दाढेशी पू असला की तिथली जागा आम्लधर्मी होते आणि बधिर करणारं औषध मज्जातंतूत नीट शिरत नाही. त्यामुळे इंजेक्शन देऊनही दुखतं. हे आम्हाला पहिल्यापासून शिकवलेलं असतं. तुम्हाला दुखत होतं म्हणूनच तुम्ही ओरडत होता, आणि तेव्हा थांबायला हवं होतं. कुणीतरी हे तुम्हाला केव्हाच सांगायला हवं होतं.

आता तुमच्याही दाढेत पू आहे, म्हणून याचा विचार आधीच करायला सांगा. खालच्या दाढेसाठी इंजेक्शन दाढेपाशी नाही, मागे जबड्याच्या आत जिथून मज्जातंतू येतो तिथे देतात. अर्धा ओठ जड झाला पाहिजे. घाई न करता दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग दाढेला गार कापूस लावून बघायचं. कळ आली तर पुन्हा वेगळ्या जागी इंजेक्शन देता येतं, तरीही जमलं नाही तर त्या दिवशी पू मोकळा करून पुढचं काम नंतर करता येतं. सुई टोचायच्या आधी हिरडीला जेल लावतात, ते आठवणीने मागा.

आणखी एक गोष्ट, जी पेशंटला बहुतेक वेळा कुणी सांगत नाही. या इंजेक्शनमध्ये लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाबरोबर थोडं अ‍ॅड्रेनलिन असतं, साधारण 80,000 भागांत एक. त्याने औषध जागेवर टिकतं. पण काही जणांना सुईनंतर दोन-तीन मिनिटं छातीत जोरात धडधडतं, हात थरथरतात. आधीच घाबरलेल्या माणसाला वाटतं, झालं, आपलं काही खरं नाही. ते औषधाने होतं आणि आपोआप ओसरतं. बीपीची गोळी चालू आहे हे मात्र डॉक्टरांना नक्की सांगा.

आता गोळी. ती भीती कमी करते, दुखणं कमी करत नाही. मेंदूतला जो शांत करणारा संदेश असतो, गाबा नावाचा, त्याला ती बळ देते. डॉक्टरांनी नीट चौकशी करून एखाद्या वेळेपुरती दिली तर त्याने सवय लागत नाही, आणि बधिर करण्याच्या इंजेक्शनबरोबर ती चालते. पण चौकशी झालीच पाहिजे. तुम्ही घोरता का? झोपेत श्वास अडकतो असं घरात कुणी म्हणतं का? त्या माणसांना ही गोळी धोक्याची. अल्प्राझोलम घेणाऱ्याला बुरशीसाठीचं फ्लुकोनॅझोल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर गोळीचा अंमल वाढतो आणि लांबतो. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल, खोकल्यासाठी कोडीनचं सिरप, किंवा दारू, यांतलं काहीही हिच्याबरोबर घेतलं तर श्वास मंदावू शकतो. माझी काळजी हीच आहे. तुम्ही जाऊबाईंची गोळी गुपचूप घेऊन आलात, आम्हाला ठाऊकच नसलं, आणि आम्ही वर ट्रॅमाडॉल लिहून दिलं तर?

गोळी नको असेल तर काही ठिकाणी नाकावर छोटा मास्क लावून नायट्रस ऑक्साइड देतात, मोठ्या शहरांत मिळतं. बंद केल्यावर काही मिनिटांत अंमल उतरतो. फार मोठं काम असेल तर भूलतज्ज्ञांना बोलावून शिरेतून औषध देतात.

सांगायचं कसं म्हणता, तर वर जे लिहिलंत तेच कागदावर लिहून द्या. आणि एक खूण ठरवा: डावा हात वर केला की डॉक्टर थांबतील. जे डॉक्टर याला तयार नसतील त्यांच्याकडे जाऊ नका.

सोनचाफा

थोडं वेगळं सांगते. पुण्यात माझं दातांचं काम वर्षभर चाललं होतं. दर वेळी गोळी घेतली, डॉक्टरांनी लिहून दिलेलीच. काम पार पडलं. पण वर्षाच्या शेवटी माझी भीती होती तिथेच होती, उलट वाढली. कारण मी तिथे बसून निभावलं हे मला आठवतच नव्हतं. सगळं श्रेय गोळीचं. पुढे नुसती तपासणी करायचीसुद्धा हिंमत होईना, आणि तपासणी टाळल्यामुळे आणखी दोन दात किडले. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

शेवटी एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी पायऱ्या पाडून दिल्या. एक दिवस फक्त बाकावर दहा मिनिटं बसून परत. मग खुर्चीत बसायचं, नुसतं. मग खुर्ची आडवी करायची. मग आरसा तोंडात, एवढंच. मग मशीनचा आवाज, तोंडाबाहेर. प्रत्येक पायरीला भीती वर चढते आणि तिथेच थांबलं की आपोआप खाली येते, हे अंगाला कळावं लागतं. गोळी घेतली की ते अंगाला कळतच नाही. मला सात आठवडे लागले.

कृष्णाकाठ

सोनचाफाताईंचं म्हणणं पटतं. फक्त ओसरीताईंच्या मुळाशी पू आहे, सात आठवडे थांबणं बरं नाही. सूज परत आली, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आत्ताच्या कामाला गोळीचा आधार लागला तर डॉक्टरांना विचारून घ्या. पुढच्या तपासण्यांसाठी या पायऱ्या.

ओसरी

तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. कृष्णाकाठताई, "तुम्ही नाटक करत नव्हता" हे वाक्य मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि मग बराच वेळ बोलता आलं नाही.

नवीन डॉक्टरीणबाईंकडे गेले. वहीच्या कागदावर सगळं लिहून नेलं होतं. त्यांनी पूर्ण वाचलं, घडी घालून माझ्या फाइलमध्ये ठेवलं आणि म्हणाल्या, "आज फक्त एक्स-रे. तोंडात काही घालणार नाही." ह्यांना घोरण्याबद्दल विचारलं, तर हे म्हणाले घोरते, पण श्वास अडकत नाही. बीपी बघितलं, आमच्या डॉक्टरांशी फोनवर बोलल्या, आणि दुसऱ्या वेळेसाठी एकच गोळी लिहून दिली. पहिल्या दिवशी आपण होऊन आत गेले आणि आपण होऊन बाहेर आले, मला तेवढंही खूप होतं.

दुसऱ्या वेळी सकाळी गोळी घेतली. इंजेक्शननंतर छाती धडधडायला लागली, अगदी लिहिलं होतं तशी. मी मनात मोजत राहिले, दोनशेच्या आत थांबली. ओठ जड झाला. गार कापूस लावला तर पहिल्यांदा थोडी कळ आली. मी हात वर केला. त्या थांबल्या. काही बोलल्या नाहीत, आणखी एक इंजेक्शन दिलं, पुन्हा थांबलो. मग काही दुखलं नाही. मधूनमधून त्या विचारत होत्या, "हात मोकळा आहे ना?" गोळीमुळे त्या दिवसाचं बरंच पुसट आहे, पण हे विचारलेलं आठवतं.

तिसऱ्या वेळी गोळी घेतली नाही. घाम आला, पदर पिळून पिळून चुरगळला, दोनदा हात वर केला. पण बसले.

जाऊबाईंनी उरलेल्या गोळ्या मेडिकलमध्ये विचारून टाकून दिल्या. शनिवारी कॅपचं माप द्यायचं आहे. एकटीच वर जाईन म्हणते. ह्यांना खाली रसाच्या गाडीपाशी थांबायला सांगितलंय.