'माउंट'ला मराठीत काय म्हणता?

तापीकाठ:
शिरपूरकडच्या एका शाळेला रास्पबेरी पाय (छोटा संगणक) बसवून दिलाय, त्याचं मराठी माहितीपत्रक लिहितोय. 'पेनड्राइव्ह माउंट होत नाही' इथे अडलो. 'जोडला जात नाही' लिहिलं, तर मास्तर म्हणाले, "जोडलाय की, हा काय समोर!" खरंच आहे. खोचलाय, संगणकाच्या यादीत 'एसडीए१' या नावाने दिसतोही, पण ज्या फोल्डरात त्याच्या फाइली दिसायला हव्यात ते रिकामं. या राहिलेल्या पायरीला शब्द हवाय.

शुद्धलेखी:
आरोहण. काढण्याला अवरोहण.

केळीवाला_रावेर:
काय भो, पेनड्राइव्ह घोड्यावर बसवता का? आमच्याकडे तो मान नवरदेवाचा.

शुद्धलेखी:
हसू नका. मूळ शब्दाच्या मुळाशीही लॅटिनमधला डोंगरच आहे.

जुनं_रीळ:
डोंगर राहू द्या. मोठ्या संगणकांवर टेपचं रीळ हाताने यंत्रावर लावायचो. साहेब ओरडायचे, "टेप चढव रे!" म्हणून 'चढवणे'.

धुळेकर:
माझं मत 'बांधणे'ला. बैल गोठ्यात आला म्हणजे बांधला गेला असं नाही. आजोबा दिवेलागणीला हाक मारायचे, "बैल खुंटाले बांधी दे." ते रिकामं फोल्डर म्हणजे खुंटा, आधीच ठोकून ठेवलेला. आणि बैल नसताना तिथे चारा टाकला तर? फाइली पडतात पायच्या मेमरी कार्डावर, मग ड्राइव्ह बांधला की दिसेनाशा होतात. माझा अख्खा लग्नाचा अल्बम असाच 'हरवला' होता. बायकोला अजून पटलेलं नाही. काढतानाही आधी सोडायचा, मग ओढायचा.

शुद्धलेखी:
माहितीपत्रकात गोठा? मुलं प्रमाण मराठी कुठे शिकणार?

धुळेकर:
बांधणे प्रमाण नाही? कुठल्या कोशात?

केळीवाला_रावेर:
बांधणे चालेल, पण खुंटा नको, दावण म्हणा.

धुळेकर:
दावण म्हणजे ओळ. एका ड्राइव्हची कसली दावण?

केळीवाला_रावेर:
पायला यूएसबीची चार भोकं आहेत ना? झाली दावण.

जुनं_रीळ:
मूळ दुखणं कुणी बघतंय का? पायच्या प्रणालीची 'लाइट' (डेस्कटॉप नसलेली) आवृत्ती असेल तर ती आपणहून माउंट करत नाही. एफएसटॅबमध्ये (कोणता ड्राइव्ह कुठे माउंट करायचा, त्या यादीच्या फाइलीत) यूयूआयडीने (ड्राइव्हच्या ओळख क्रमांकाने) ओळ लिहा, 'नोफेल' घाला, म्हणजे ड्राइव्ह नसला तरी यंत्र सुरू होताना अडणार नाही. अडॅप्टर कोणता?

तापीकाठ:
लाइटच आहे. अडॅप्टर मोबाइलचा जुना चार्जर.

जुनं_रीळ:
पाय ४ असेल तर ५ व्होल्ट ३ अँपिअरचा घ्या. चारही यूएसबींना मिळून १.२ अँपिअरच मिळतो, हार्डडिस्क लावलीत तर त्यातच भागवावं लागेल.

तापीकाठ:
चाललं! ओळ टाकली. पत्रक उद्या छपाईला जातंय, तूर्त 'माउंट'च ठेवतो.

शुद्धलेखी:
'माउंट' की 'माऊंट'?

केळीवाला_रावेर:
ते नंतर. धुळेकर, दावणीला एकच बैल उरला तर तुम्ही तिला काय म्हणता, ते सांगा आधी.